फ्रिजसमोरचा पाट

त्या माणसाला मी तीन वेळा खोली खाली करायला सांगितली. तिन्ही वेळा त्याने एकच शब्द विचारला, "कारण?"

आमच्या कामतघर वस्तीत भाडेकरू असं विचारत नाहीत. एकतर भांडतात, नाहीतर रडतात. भांडणाऱ्याला मी पुरून उरते आणि रडणाऱ्याकडे बघत नाही. कारण विचारणाऱ्याचं काय करायचं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मी चौथीपर्यंत शिकले. चौथीपर्यंत कारणं विचारत नाहीत, पाढे विचारतात.

माझी दहा खोल्यांची चाळ आहे. जागा सासऱ्यांच्या भातशेतीची, खोल्या माझ्या नवऱ्याने बांधल्या. मागे लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे कारखाने. त्यांची खडखड इतकी अंगवळणी पडली आहे की ती थांबली तर आम्ही दचकतो. तो सात नंबरच्या खोलीत राहायचा. सगळा जन्म कारखान्यांत वायरमन म्हणून काढला. बायको वारलेली, लेक वळ गावी दिलेली. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान, म्हणून मी त्याला अरे-तुरे करायचे. तो मला मालकीणबाई म्हणायचा. बाकी सगळी चाळ त्याला कारणकाका म्हणायची.

दिसायला म्हणाल तर बांबूला शर्ट घातलेला. पायात बारा महिने रबरी चप्पल, वरच्या खिशात टेस्टर, आणि डावा हात पँटच्या खिशात.

त्या डाव्या हाताचं आधी सांगते. ती वायरमन लोकांची जुनी सवय. तो म्हणायचा, "दोन्ही हात मोकळे असले की दुसरा कुठेतरी टेकतोच. मग करंट या हातातून शिरतो, त्या हातातून बाहेर पडतो, आणि मधे काळीज लागतं. वाटेत काळीज ठेवायचं कशाला?" कामावर हे ठीक. पण काम सुटल्यावरही त्याचा हात खिशातच राहिला. लग्नात अक्षता एका हाताने, वरमाईला नमस्कार एका हाताने, सत्यनारायणाचा प्रसाद एका हाताने. माझ्या भावाच्या मयताला आला, तिथेही एकच हात छातीशी धरून उभा. माझ्या वहिनीला वाटलं याचा दुसरा हात लूममध्ये गेला असणार. तिने रडणं थांबवून विचारलं, "कधी गेला हो?"

"कोण? हात? आहे की," असं म्हणून त्याने उजव्या हाताने डावा खिसा थोपटला. वहिनी पुढे नीट रडू शकली नाही.

दुसरी खोड उलट्या हाताची. लोखंडी काही दिसलं की आधी टेस्टर लावायचा, मग हाताची मागची बाजू. देवळातली घंटासुद्धा त्याने तशी शिवून बघितलेली मी पाहिली आहे. त्याचंही कारण तयार. "करंट लागला की मूठ आवळते. तळहाताने धरलेलं सुटत नाही. मागची बाजू लागली तर हात झटकून परत येतो. पण तुम्ही हे करायचं नाही, तुम्ही टेस्टर घ्यायचा." भाच्यासाठी मुलगी बघायला गेला तेव्हा पोह्यांची बशी हातात यायच्या आत त्यांचा फ्रिज, मिक्सर आणि कूलर शिवून झाला होता. मुलीच्या आईने हळूच विचारलं, "मुलाला पण असं काही आहे का?" भाचा जवळजवळ बिनलग्नाचा राहिला असता. पण मुलगीच म्हणाली, कूलर चावतो हे मी दोन वर्षं सांगते आहे, आज पहिल्यांदा कोणी ऐकलं, मी होकार देते.

त्याचं म्हणणं एकच होतं. लोकांना नियम सांगून उपयोग नाही, कारण सांगायला पाहिजे. "घाबरलेला माणूस दोन दिवस लांब राहतो," तो म्हणायचा, "समजलेला जन्मभर."

मला हे पटत नव्हतं. मी चार पोरं वाढवली, एकालाही कारण सांगितलं नाही. फटका दिला.

आमच्याकडे पाणी सकाळी तासभर येतं. येतं म्हणजे नळाच्या तोंडाशी येऊन विचार करतं. म्हणून प्रत्येकीने नळाला मोटर लावलेली. अशी मोटर लावू नये असा नियम आहे, म्हणजे सगळ्यांकडे ती असतेच. मोटरीला पिन नसायची. वायरीची उघडी टोकं सॉकेटमध्ये खोचायची आणि ती निसटू नयेत म्हणून वर काडेपेटीच्या काड्या. गल्लीत घोटाभर पाणी, त्यात दहा बाया अनवाणी. मीही त्यातच. इतकी वर्षं कोणाला काही झालं नव्हतं, म्हणजे ते बरोबरच होतं असा आमचा समज.

तो राहायला आल्याच्या तिसऱ्या सकाळी त्याने हे बघितलं. मीटरच्या पेटीशी गेला आणि मेन स्विच खाली ओढला. मोटरी बंद, पाणी बंद, आणि बायांची तोंडं चालू.

सर्वांत मोठा आवाज तीन नंबरच्या सायराचा. तिचा नवरा लूमवर कामाला. "आजी, इसको निकालो! मेरा एक हंडा नहीं भरा! ये आदमी पागल है!"

मी गेले आणि म्हटलं, "खोली खाली कर."

"कारण?"

"सगळ्यांचं पानी गेलं."

"पाणी उद्या येईल मालकीणबाई. बाई उद्या येत नाही."

तेवढ्यात त्याने आम्हा सगळ्यांना गल्लीत उभं केलं. का उभ्या राहिलो, मला आजही कळत नाही. बहुतेक पाणी नव्हतं म्हणून करायला दुसरं काही नव्हतं.

गेटचा खांब ही डीपी मानली, म्हणजे वीज जिथून येते ती पेटी. तिथून बायांच्या दोन ओळी केल्या, एक करंटच्या जायच्या वायरीची आणि एक परत यायच्या वायरीची. सायराला म्हणाला, "तू करंट."

"मैं क्यों करंट?"

"आवाजावरून."

मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मालकीणबाई, तुम्ही जमीन. जमीन मोठी असते." सगळ्या हसल्या. मी कोणकोण हसलं ते लक्षात ठेवलं.

"आता ऐका," तो म्हणाला. "करंट म्हणजे सासरी आलेली पोर. डीपी तिचं माहेर. ती सासरी येते, काम करते, पण तिचं सगळं लक्ष माहेरी जाण्यात. परतीची वाट नीट असेल तर त्या वाटेने गुपचूप जाते. पण वाट तुटली, नाहीतर मधेच दुसरी सोपी वाट मिळाली, तर ती तिथून जाणार. जमिनीतून जाणार, तुमच्या अंगावरून जाणार. तुमच्याशी तिचं वैर नाही. तुम्ही फक्त वाटेत उभ्या असता."

मी म्हटलं, "मी चौदा वर्षं माहेरी गेली न्हाय. मी कुनाला मारलं?"

"तुम्ही जमीन आहात. जमीन बोलत नाही."

मग त्याने परतीची ओळ तोडायला लावली आणि सायराला म्हणाला, जा आता माहेरी. सायरा नाटकात शिरली होती. तिने इकडेतिकडे बघितलं, नऊ नंबरच्या कुसुमला ढकलून दिलं आणि तिच्यावरून येऊन माझ्या पोटावर आदळली.

"बघा," तो म्हणाला, "कुसुम मेली."

कुसुम चिखलात बसून म्हणाली, "मी का मेले? मी काय केलं?"

"काही नाही केलंस. ओल्यात अनवाणी उभी होतीस. तुझ्यातून वाट सोपी झाली."

"आणि चप्पल घातली असती तर?"

"कोरडी, रबरी? तर तुझ्यातून जायला अवघड गेलं असतं. मी सोपं म्हणत नाही, अवघड म्हणतो. आणि मोटरीला पिन असती, वायर धड असती, तर ती वाट सोडून आलीच नसती."

चप्पल घाला, हे आम्ही लहानपणापासून ऐकत होतो. कोणी घालत नव्हतं, कारण पाण्यात चप्पल निसटते. दुसऱ्या दिवशी दहाही जणींच्या पायांत रबरी चपला होत्या. मोटरींना आठवड्यात पिना बसल्या. कुसुम तर मेल्याच्या धक्क्यातून महिनाभर सावरली नाही. नवरा ओल्या हाताने बटण दाबायला गेला की ओरडायची, "मी एकदा मेले आहे, मला माहीत आहे!"

दुसऱ्यांदा मी त्याला जा म्हटलं ते धामणकर नाक्यामुळे.

नाक्याजवळ एक डीपी आहे. त्यावर कवटीचा बोर्ड. येता-जाता तो त्या कवटीला शिव्या द्यायचा. "नुसते दात दाखवते. काही सांगत नाही." एक दिवस त्याने कारखान्यातून लूमवरून उतरलेल्या कोऱ्या कापडाचा तुकडा आणला, त्यावर मराठीत आणि हिंदीत बारीक अक्षरांत लिहिलं, हात का लावू नये, आणि कवटीखाली बांधून आला. चांगल्या वीस-बावीस ओळी होत्या.

झालं असं की अक्षर बारीक, म्हणून लोक वाचायला जवळ जाऊ लागले. इतके दिवस त्या डीपीजवळ कुत्रं फिरकत नव्हतं, आता तिथे शेअर रिक्षावाले, भाजीवाले, हमाल, सगळे माना पुढे काढून उभे. एकजण मागच्यांना वाचून दाखवताना डीपीच्या जाळीला टेकला होता म्हणे. नाक्यावर आधीच चालायला जागा नसते, त्यात हे. वीज कंपनीचा साहेब आला आणि ओरडला, "अहो, लांब राहा असं सांगायला तुम्ही लोकांना जवळ बोलावलंत!"

त्याने साहेबाकडे बघितलं, कापडाकडे बघितलं, विचार केला. म्हणाला, "हे कारण पटलं." आणि कापड सोडून घडी केली. दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या पलीकडच्या भिंतीवर, दुकानदाराला विचारून, त्याने आख्ख्या चादरीएवढं कापड लावलं. अक्षरं पपईएवढी. मावलं फक्त एवढंच: "करंटला जमीन पाहिजे. तुम्ही मधे येऊ नका." आणि खाली, शंका असल्यास भेटा, म्हणून माझ्या घराचा पत्ता.

त्याच्या खोलीचा नाही. माझ्या. म्हणे, मालकीणबाईंचं घर पटकन सापडतं.

लोक यायला लागले, आणि सगळे जेवायच्या वेळेला. टीव्ही बघताना वीज चमकली तर प्लग काढायचा का? बल्ब बदलताना बटण बंद केलं तर मेन कशाला? एक बाई आली, तिला फक्त नवऱ्याची तक्रार सांगायची होती. मी रागाने सात नंबरचं दार वाजवलं. दार बंद. परत आले तर ओट्यावर एक रिक्षावाला बसलेला.

"आजी, एखाद्याला करंट लागला, तो चिकटला, तर त्याला ओढायचं ना?"

"मेल्या, ओढशील तर तू बी चिकटशील," मी म्हटलं. "आधी मेन बंद कर. मेन न्हाय सापडला तर कोरडं लाकूड घे, कोरड्यावर उभा राहा, आणि त्याला ढकल."

"का पण?"

"का म्हंजे? त्याचं अंग म्हंजे आता वायरच झाली. त्याला धरलंस की पुढची वायर तू. करंटला काय, एक मानूस काय न् दोन काय. लाकडातून त्याला जाता येत न्हाय. समजलं?"

तो समजलं म्हणून गेला. मागे वळून बघते तर हा खांबाला टेकून उभा, डावा हात खिशात.

"खोली खाली कर," मी म्हटलं.

"कारण?"

"मानसं येतात माझ्या दारात."

"येतात, आणि तुम्ही शिकवता. मग मला काढून काय होणार?"

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. रागाने. दुसरं काही नाही.

आता तिसरी वेळ. ती खरी.

माझ्या घरात एक पद्धत होती. फ्रिज उघडायचा तर पाटावर उभं राहून उघडायचा. त्याचं असं झालं की नवरा गेल्यानंतर दोन वर्षांनी फ्रिज चावायला लागला. फार नाही, मुंगी चावल्यासारखा. चप्पल घातली की चावत नसे. पण स्वयंपाकघरात देव्हारा आहे, तिथे चप्पल चालत नाही. मग मी जेवायचा लाकडी पाट फ्रिजपुढे टाकला. पाटावर चढलं की काही होत नाही. काम झालं.

सून नवीन आली तेव्हा तिने विचारलं, हे काय? मी म्हटलं, पद्धत आहे आमच्यात. तिला वाटलं देवाचं काही असेल. ती पाटावर चढण्याआधी त्याला हात लावून कपाळाला लावायला लागली. ते बघून कुसुमने घरी पाट टाकला. तिचाही फ्रिज हल्ली मुंगीसारखा चावायचा, तो बंद झाला. सायराने टाकला, म्हणाली, "बरकत है." वर्षभरात सात नंबर सोडून सगळ्या खोल्यांत पाट. आठ नंबरवालीकडे फ्रिज नव्हता, ती कपाटापुढे टाकायची.

कारणकाका कोणाच्या स्वयंपाकघरात जात नसे. एकटा पुरुष, बरं दिसत नाही म्हणून. नातीला दात आला तेव्हा सुनेने चाळीला खीर दिली, त्या दिवशी तो आत आला. सून दूध काढायला निघाली, पाटाच्या पाया पडली, पाटावर चढली, फ्रिज उघडला.

खिरीची वाटी त्याच्या हातात तशीच राहिली.

"सूनबाई, हे काय?"

"पद्धत आहे काका."

"कोणाची?"

"आईंची."

"कारण?"

सुनेने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "खीर खा."

त्याने वाटी खाली ठेवली, टेस्टर काढला, फ्रिजच्या दाराला लावला. टेस्टरमधला दिवा लागला. मग फ्रिजचा प्लग काढला आणि सॉकेटमधून निघालेल्या हिरव्या वायरीच्या मागे निघाला. हिरवी वायर म्हणजे अर्थिंगची. मशीनमधला करंट वाट चुकला तर त्याला सरळ जमिनीत न्यायला असते. माझ्या नवऱ्याने आमच्या घराच्या आणि दहा खोल्यांच्या हिरव्या वायरी एकत्र करून मागच्या नळाच्या लोखंडी पाइपला बांधल्या होत्या. पाइप जमिनीत जातो, म्हणजे करंटही जाईल, असा त्याचा हिशोब. तेव्हा सगळे तसंच करायचे.

हा पुढे, मागे मी, मागे सून नातीला काखेत घेऊन, मग सायरा, कुसुम, अर्धी चाळ. वायर भिंतीवरून, मोरीवरून, घराला वळसा घालून नळापाशी आली. तिथे ती पाइपला छान तीन वेढे देऊन बांधलेली, वर गाठ. त्यावर हळदकुंकू आणि खंडेनवमीच्या झेंडूच्या माळेचा दोरा. पूजा मीच करते. मीटरची पेटी, पाण्याची मोटर आणि ही वायर. नवऱ्याच्या हातची म्हणून.

पाइप प्लास्टिकचा होता.

लोखंडी पाइप गंजला म्हणून प्लंबरने बदलला होता. त्याने वायर सोडली, नवा पाइप टाकला आणि शहाण्यासारखी वायर जशीच्या तशी परत बांधली. तिथून ती कुठेच जात नव्हती. प्लास्टिकमधून करंट जात नाही, हे तोपर्यंत आम्हा सगळ्या बायांना ठाऊक झालं होतं.

तो हसायला लागला. मी त्याला कधी हसताना बघितलं नव्हतं. आधी उभ्याने हसला, मग वाकून, मग ओल्या मोरीच्या कट्ट्यावर बसून. "पूजा!" म्हणायचा आणि परत हसायचा. "मालकीणबाई, पूजा!" चाळपण हसायला लागली. कुसुम सगळ्यांत जास्त.

फ्रिजमागची वायर उंदराने कुरतडली होती, असं पुढे निघालं. म्हणजे बिघाड माझ्या फ्रिजमध्ये, आणि वायरी सगळ्या एकत्र असल्यामुळे तो करंट चाळीतल्या सगळ्या फ्रिजांत हिंडत होता. पूर्ण चाळीला मुंग्या माझ्याच घरातून जात होत्या. हे कळल्यावर तर ते आणखी हसले.

मी म्हटलं, "खोली खाली कर."

"कारण?" डोळे पुसत त्याने विचारलं.

"माझ्या नवऱ्याच्या हातच्या कामाला तू हसलास."

त्याचं हसू थांबलं. उठून उभा राहिला. पँट मागून ओली.

"हे कारण पटलं," तो म्हणाला. "महिनाअखेर जातो. पण त्याआधी मला इथे एक खड्डा करू द्या. खरी अर्थिंग घालतो."

"माझ्या जागेत एक कुदळ पडनार न्हाय. जायचं तर जा."

नात सुनेच्या काखेतून खाली उतरली होती आणि ओल्या फरशीवरून रांगत घरात चालली होती. ती त्या दिवसांत कशालाही धरून उभी राहायला शिकत होती. पलंग, खुर्ची, फ्रिजचं दार. त्याने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मालकीणबाई, हिला पाटावर चढता येतं का?"

माणूस एवढंच बोलला आणि आपल्या खोलीत गेला.

मी फ्रिजचा प्लग परत लावला नाही. दूध नासलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः कुदळ घेऊन सात नंबरच्या दारात गेले. म्हटलं, "कुठं खनायचं?"

खड्डा पुरुषभर खोल खणला. त्याने माझ्याकडे एक पोतं मीठ आणि एक पोतं कोळसा मागितला. तांब्याची पट्टी आणली, ती उभी पुरली, भोवती कोळशाचा थर, मिठाचा थर, कोळशाचा थर. बाहेर बातमी गेली की म्हातारीच्या अंगणात खड्डा खणून त्यात मीठ, कोळसा आणि तांबं पुरतायत. दुपारपर्यंत कुंपणापाशी वीस माणसं. पलीकडच्या गल्लीतल्या एका बाईने तर लिंबू आणून दिलं, म्हणाली, हे राहिलं असेल.

त्याला तेवढंच पाहिजे होतं. खड्ड्यात उभा राहून, फक्त डोकं वर, त्याने तासभर सांगितलं. कोरडी माती करंटला नीट घेत नाही. मीठ ओल ओढतं, कोळसा ओल धरतो. ओली जमीन म्हणजे मोठं दार. लिंबूवाल्या बाईला म्हणाला, "सरबत करा." मग मेनच्या पेटीत एक डबी बसवली, करंट वाट चुकला की आपोआप बंद होणारी. "ही म्हणजे जत्रेला पोरी नेणारी आत्या. गेल्या किती, परत आल्या किती, सारखी मोजते. एक कमी आली की लगेच दार बंद." फ्रिजची वायर बदलली. शेवटी टेस्टर लावला. दिवा लागला नाही. उलटा हात लावला. मग सुनेला म्हणाला, "आता पाट काढा."

सून म्हणाली, "राहू द्या काका. बरं असतं."

"अगं, आता कारण गेलं!"

"तरी पण."

तो चाळभर फिरला. एकीनेही पाट काढला नाही. सायरा म्हणाली, "चाचा, जब से रखा है, दूध नहीं फटा." कारणं देऊन देऊन त्याने आम्हाला चपला घालायला लावल्या, पिना लावायला लावल्या, पण पाट काही हलला नाही. त्या संध्याकाळी तो पहिल्यांदा म्हातारा दिसला.

महिनाअखेरीला तो किल्ली घेऊन माझ्या ओट्यावर आला. पेटी बांधलेली.

मी विचारलं, "कारण?"

तो गोंधळला. "तुम्हीच दिलंत. मी हसलो म्हणून."

"तो राग गेला माझा. कारण गेलं की नियम काढायचा, असं तू म्हनतोस ना? मग जातोस कशाला? आमी पाट काढला न्हाय, आमी अडानी. तू बी अडानी हायस का?"

तो किल्ली खिशात टाकून परत गेला. पेटी सोडायला दोन दिवस लावले, तेवढा त्याचा ताठा.

त्यानंतर तीन वर्षं राहिला. गेला तो वळ गावी, लेकीकडे. मी परत कारण विचारलं. म्हणाला, "तिच्या घराला अर्थिंग नाही." हे कारण पटलं. निघताना त्याने मला दोन्ही हात जोडून नमस्कार केला. त्याचा डावा हात मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितला. काही विशेष नव्हता.

जाताना सांगून गेला, उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालत जा. मी घालते, दर आठवड्याला दोन बादल्या. लोकांना वाटतं म्हातारीने काही पेरलंय.

नात आता पहिलीत आहे. मागच्या महिन्यात शाळेतून आली, फ्रिजपाशी गेली, पाटावर चढली. मग उतरली आणि मला म्हणाली, "आजी, पाटावर का चढायचं?"

"पद्धत हाय."

"पण का?"

मी तोंड उघडलं. चार पोरांना देत आले तोच फटका हातात होता. पण कारण काही सापडेना. तिने थोडी वाट बघितली, पाट उचलला, ओढत नेला आणि पलंगाखाली ढकलला. परत येऊन फ्रिज उघडला, पाणी प्यायली आणि खेळायला निघाली. फ्रिज उघडण्याआधी तिने हाताची मागची बाजू लावली होती. हे तिला कोणी शिकवलं ते मला माहीत नाही. मी तिला थांबवून टेस्टर दाखवला, आणि मग त्याला वळ गावी फोन लावला.

"पाट काढला," मी म्हटलं.

पलीकडून त्याचा आवाज आला, "कारण?"

मी फोन नातीच्या हातात दिला.